फॅरेडेचे चरित्र आणि त्याचे बहुमान

शास्त्रज्ञाचे चरित्र लिहिणे हे कवीचे किंवा राजकारणी पुरुषाचे चरित्र लिहिण्याहून अवघड काम आहे, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी ध्यानात घेतली जात नाही. कवीची कविता चरित्रकाराला उतरून देता येते आणि राजकारणी पुरुषाने गाजविलेल्या सभांचे वर्णन करता येते. शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत घालविलेली वीस वर्षे मात्र वर्णनाच्या चिमटीत सापडत नाहीत. मग चरित्रकार काय करतो? तो आरंभी गरिबीचे वर्णन करतो, शेवटी बहुमानांची जंत्री देतो, आणि या दोहोंच्या मधल्या पोकळीत चार शोधांची नावे टाकतो. नायकाने त्यांतला एखादा बहुमान नाकारला असेल तर चरित्रकाराला हायसे वाटते, कारण त्यामुळे जंत्रीला उपसंहार मिळतो आणि नायकाला वैराग्य. मराठीतली शास्त्रज्ञांची छोटी चरित्रे आम्ही शाळेत असल्यापासून वाचीत आलो आहोत. त्यांतली बहुतेक याच साच्यातून निघालेली आहेत.

मायकेल फॅरेडे हा या साच्याचा सर्वांत मोठा बळी होय. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार, पुढे जगन्मान्य संशोधक, आणि अखेरीस 'सर' ही पदवी नाकारणारा निरिच्छ पुरुष, असे त्याचे चित्र घरोघरी पोहोचले आहे. या चित्रातली एकही रेघ तशी खोटी नाही. तरी ते चित्र खरे नाही असे आमचे मत आहे, आणि ते का नाही हे त्याच्यावर लिहिल्या गेलेल्या प्रमुख इंग्रजी चरित्रांच्या आधारे येथे पाहावयाचे आहे. बहुमानाचा प्रश्न आम्ही मुद्दाम हाती घेतला आहे. चरित्रकाराची पारख त्याच ठिकाणी होते.

चरित्राची मोजकी रूपरेषा आधी सांगून टाकू. फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळील न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर राहिला, आणि बांधणीला आलेली पुस्तके वाचता वाचता विजेच्या व रसायनाच्या नादी लागला. १८१२ साली सर हम्फ्री डेव्ही याची चार व्याख्याने त्याने ऐकली, त्यांची टिपणे सुवाच्य अक्षरांत लिहून, बांधून डेव्हीकडे पाठविली, आणि १ मार्च १८१३ रोजी आठवड्याला २५ शिलिंग पगारावर रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो मदतनीस झाला. तेथून तो जवळजवळ अखेरपर्यंत हलला नाही. १८२१ मध्ये विद्युत्‌प्रवाहाने होणारे चुंबकीय भ्रमण, १८२३ मध्ये क्लोरीनचे द्रवीकरण, १८२५ मध्ये आज आपण ज्याला बेंझीन म्हणतो त्या द्रव्याचा शोध, २९ ऑगस्ट १८३१ रोजी विद्युत्‌-चुंबकीय प्रवर्तन, १८३४ पर्यंत विद्युत्‌-विच्छेदनाचे नियम, १८४५ साली प्रकाशावर चुंबकत्वाचा परिणाम, हे त्याच्या कार्याचे ठळक टप्पे. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो वारला.

फॅरेडेच्या मृत्यूनंतर वर्ष उलटण्याच्या आत जॉन टिंडॉल याचे 'फॅरेडे : एक संशोधक' या अर्थाच्या नावाचे लहानसे पुस्तक १८६८ साली बाहेर पडले. टिंडॉल हा त्याचा मित्र, सहकारी आणि त्या संस्थेतला त्याचा वारस. पुस्तकाचे नावच चरित्रकाराची प्रतिज्ञा सांगते : माणूस नव्हे, संशोधक पाहावयाचा. आणि गंमत अशी की या पुस्तकातला अत्यंत टिकाऊ भाग माणसाविषयीचाच ठरला. फॅरेडेच्या प्रसिद्ध सौम्यपणाखाली ज्वालामुखीची धग होती, आणि कठोर आत्मसंयमाने त्याने त्या आगीचे रूपांतर कामाच्या उष्णतेत केले होते, अशा आशयाचे टिंडॉलचे निरीक्षण आहे. पुढील दीडशे वर्षांतल्या कोणत्याही चरित्रकाराला याहून नेमके काही सांगता आलेले नाही. गोडव्याच्या वर्णनांत बुडालेल्या इतर लेखकांनी हे वाक्य पुनःपुन्हा उद्धृत केले. पण त्याचा अर्थ स्वीकारला नाही.

तथापि साच्याची सुरुवातही टिंडॉलपासूनच होते, हे सांगितले पाहिजे. फॅरेडेचे हिशेब पाहून त्याने दाखवून दिले की, १८३१ साली खासगी रासायनिक कामांतून फॅरेडेला हजार पौंडांहून अधिक मिळकत झाली होती, आणि पुढच्याच वर्षी ती दीडशे पौंडांच्या आसपास उतरली. म्हणजे प्रवर्तनाचा शोध लागताच त्याने पैशाचे काम सोडले. येथवर सारे कागदावर आहे. पण टिंडॉल येथे थांबत नाही. तो आयुष्याचा गुणाकार करतो, दीड लक्ष पौंडांची रक्कम काढतो, आणि सांगतो की लोहाराच्या या मुलापुढे एका बाजूस ही संपत्ती व दुसऱ्या बाजूस हुंडा नसलेली विद्या अशी निवड होती. त्याने दुसरी पत्करली व तो गरीब म्हणून मेला. वाक्य सुंदर आहे, पण हिशेब वकिली आहे. १८३३ पासून त्याला फुलर यांनी स्थापिलेल्या अध्यापकपदाचे वर्षाला शंभर पौंड मिळत होते. १८३५ च्या अखेरीपासून तीनशे पौंडांचे सरकारी वेतन होते. १८३६ पासून दीपगृहांची व्यवस्था पाहणाऱ्या ट्रिनिटी हाउसचा सल्लागार म्हणून आणखी दोनशे होते. वुलिच येथील लष्करी विद्यालयात तो १८५१ पर्यंत रसायनशास्त्र शिकवीत होता. आणि राहण्यास संस्थेतच जागा होती. हा माणूस गरीब नव्हता. त्याने संपत्ती साठविली नाही, हे खरे. पण न साठविणे आणि न मिळविणे यांत फरक आहे, आणि त्या फरकाचे कारण टिंडॉल शोधीत नाही, कारण ते शोधावयाचे तर त्याला फॅरेडेच्या देवघरात शिरावे लागले असते.

फॅरेडे सँडमनी नावाच्या एका अगदी लहान ख्रिस्ती पंथाचा निष्ठावंत अनुयायी होता. स्कॉटलंडच्या अधिकृत धर्मसंस्थेतून फुटून निघालेला हा पंथ बायबलचे वचन अक्षरशः मानी, आणि धन साठविणे वचनाविरुद्ध समजे. टिंडॉलचा अशा श्रद्धेवर विश्वास नव्हता. मित्राच्या धर्मभावनेचा व शास्त्रदृष्टीचा प्रवाह एकमेकांत मिसळत असे, एवढे तो आदराने कबूल करतो, आणि लगेच पुढे जातो. प्रामाणिक परंतु अपुरे, असेच या भागाविषयी म्हणावे लागेल.

हेन्री बेन्स जोन्स याने १८७० साली दोन खंडांत प्रसिद्ध केलेले 'फॅरेडेचे जीवन आणि पत्रे' हे पुस्तक वाङ्मय म्हणून टिंडॉलच्या जवळपासही येत नाही. जोन्स हा वैद्य व रॉयल इन्स्टिट्यूशनचा चिटणीस. त्याने पत्रे, टिपणे, रोजनिशीतले उतारे वर्षवार लावून टाकले आहेत, आणि मध्ये मध्ये स्वतःच्या दोन ओळी. वाचताना दम लागतो. परंतु आम्हांस जर कोणी विचारले की फॅरेडेसंबंधी एकच जुने पुस्तक ठेवावयाचे असेल तर कोणते, तर आम्ही हेच सांगू. ज्याला निबंध लिहिता येत नाही असा चरित्रकार कधी कधी कागदपत्रांवर अन्याय करीत नाही, हा त्याचा गुण.

बहुमानांच्या प्रश्नावर खरा प्रकाश पडतो तो या कागदपत्रांतूनच. १८२३ च्या वसंतात रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी फॅरेडेच्या नावाची शिफारस पुढे आली. तिच्यावर २९ जणांच्या सह्या होत्या, आणि पहिले नाव होते वॉलस्टन यांचे. या नावाला महत्त्व आहे. १८२१ साली चुंबकीय भ्रमणाचा प्रयोग प्रसिद्ध करताना फॅरेडेने वॉलस्टन यांची कल्पना चोरली, असा प्रवाद लंडनच्या शास्त्रीय वर्तुळांत पसरला होता, आणि तरुण फॅरेडे त्याने हवालदिल झाला होता. ज्यांची चोरी केल्याचा आरोप त्यांनीच शिफारशीवर पहिली सही केली, यात सर्व काही आले. विरोध आला तो दुसऱ्याच बाजूने. सोसायटीचा अध्यक्ष खुद्द डेव्ही होता. शिफारसपत्र काढून घे, असे त्याने फॅरेडेला सांगितले. मी ते लावलेले नाही, तेव्हा मला काढताही येणार नाही, असे उत्तर मिळाले. मग लावणाऱ्यांना काढावयास सांग. ते तसे करणार नाहीत. मग अध्यक्ष या नात्याने मीच काढीन. त्यावर फॅरेडे म्हणाला की, सर हम्फ्री सोसायटीच्या हिताचे वाटेल तेच करतील याची मला खात्री आहे. ८ जानेवारी १८२४ रोजी मतदान झाले, आणि पेटीत एकच काळी गोळी निघाली.

ती कोणाची हे सांगण्याचा मोह अनेक चरित्रकारांना आवरलेला नाही. आम्ही तो आवरतो. मतदान गुप्त होते. आमचे लक्ष वेधते ते या संवादातले उत्तरांचे वळण. उमेदवारीतून वर आलेला एकतीस वर्षांचा माणूस, ज्याने त्याला वर आणले त्या धन्याशी बोलतो आहे. आवाज चढत नाही, एकही शब्द उणा-अधिक नाही, आणि माघारही नाही. टिंडॉलने पाहिलेली ती धग येथे आहे. 'माझा सर्वांत मोठा शोध म्हणजे फॅरेडे' असे डेव्ही म्हणाल्याची जी कथा आपल्या बालवाङ्मयातही येऊन पोहोचली आहे, तिच्या शेजारी हा संवाद ठेवून वाचावा. डेव्ही लहान मनाचा होता असे आम्हांस म्हणावयाचे नाही. हाताखालच्या माणसाने आपल्या उंचीला यावे हे सोसणे मोठ्यांनाही जड जाते, एवढेच.

आता १८३८ सालचे एक पत्र पाहावे. अर्थमंत्री स्प्रिंग राइस याने फॅरेडेकडे त्याच्या पदव्यांची यादी मागितली. फॅरेडेने यादी पाठविली आणि तिच्यासोबत कळविले की, यांपैकी एक पदवी, रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वाची, मागून व पैसे भरून मिळविलेली आहे. बाकीच्या सर्व त्या त्या संस्थांनी आपण होऊन सद्भावाने दिलेल्या आहेत. बहुतेक चरित्रांत हे वाक्य विनयाचा नमुना म्हणून येते. आम्हांस त्यात विनयाहून वेगळे काही दिसते. प्रवेशशुल्क सर्वच सदस्य भरीत. ते सांगण्याचे कारण नव्हते. मग चौदा वर्षांनंतर, मंत्र्याला पाठविलेल्या यादीत, एवढ्याच एका सन्मानाला वेगळे काढून त्याच्यावर 'मागून घेतलेला' अशी चिठ्ठी का लावावी? १८२३-२४ चा तो घाव बुजलेला नव्हता, असे आमचे अनुमान आहे. ज्या बहुमानासाठी धडपडावे लागले तो बहुमानच नव्हे, हे त्याचे पुढील आयुष्याचे सूत्र त्या एका निवडणुकीत घडले असावे.

निवृत्तिवेतनाचे प्रकरणही याच सूत्राने उलगडते. १८३५ च्या आरंभी पील याच्या मंत्रिमंडळाने फॅरेडेला वेतन देण्याचे मनात आणले. फॅरेडेचा पहिला कल नकाराकडे होता. आपल्याला काम करून पोट भरता येत असता वेतन कशाला, हा त्याचा विचार. आप्तांच्या सल्ल्याने तो नरमला. दरम्यान मंत्रिमंडळ बदलले आणि ऑक्टोबरात तो नवा पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न याच्या भेटीस गेला. शास्त्रज्ञांना व ग्रंथकारांना वेतने देण्याची ही सारी पद्धत म्हणजे थोतांड आहे, असे मेलबर्न बोलून गेला, आणि त्या शब्दाला त्याने एक शेलके विशेषणही जोडले होते. फॅरेडे नमस्कार करून बाहेर पडला आणि त्याच संध्याकाळी आपले वेतन नको असल्याची चिठ्ठी ठेवून आला. प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले. दोघांच्या परिचयाच्या एका स्त्रीने रदबदली केली तेव्हा फॅरेडेने अट घातली : पंतप्रधानाने लेखी दिलगिरी द्यावी. आणि मेलबर्नने ती दिली. २४ डिसेंबर १८३५ रोजी तीनशे पौंडांचे वेतन मंजूर झाले, आणि फॅरेडेने ते स्वीकारले.

या शेवटच्या चार शब्दांपाशी आमचे मराठी चरित्रकार अडखळतात. वेतन फेकून देणारा फॅरेडे त्यांना हवा असतो. दिलगिरी मिळताच ते घेणारा फॅरेडे अडचणीचा वाटतो. वस्तुतः गोष्टीचे सारे मर्म घेण्यात आहे. त्याला पैसा नको होता असे नाही. पैशाबरोबर येणारा हीन शब्द नको होता. वैरागी माणूस दिलगिरीही मागत नाही आणि वेतनही घेत नाही. स्वाभिमानी माणूस दोन्ही घेतो.

फॅरेडेला मिळालेल्या सन्मानांची संख्या नव्वदीच्या पुढे जाते. ऑक्सफर्डची पदवी १८३२ ची. रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक १८३२ व १८३८ असे दोनदा. प्रशियाचा 'पूर ल मेरित' हा बहुमान १८४२ चा. फ्रेंच अकादमीच्या आठ परदेशी सदस्यांत त्याची गणना १८४४ साली झाली. या सर्वांची सनदा व पत्रे त्याने क्रमवार लावून, सूची करून जपून ठेविली होती. जो तरुणपणी इतरांची पुस्तके बांधीत होता त्याने म्हातारपणी आपल्या सन्मानपत्रांचा नीट बांधलेला संग्रह करावा, यात विसंगती काय? सिल्व्हेनस टॉम्प्सन याने १८९८ च्या आपल्या चरित्रात या जपणुकीची नोंद केली आहे. ती नोंद आणि नाकारलेल्या पदव्यांची हकीकत एकत्र वाचली तरच माणूस पुरा दिसतो. हे सन्मान मला मोलाचे वाटतात, मात्र त्यांच्यासाठी मी कधी काम केले नाही, असे त्याने स्वतःच एका पत्रात लिहिले आहे. दुसऱ्या एका पत्रात तो म्हणतो की बौद्धिक श्रमांना बक्षिसे लावण्यात काहीतरी कमीपणा आहे. या दोन मतांचा मेळ त्याच्यापुरता साधा होता : विद्वानांनी आपण होऊन दिलेली ओळख घ्यावी, राज्याने वाटलेली पदवी घेऊ नये. पहिलीने माणूस आपल्या बरोबरीच्यांत बसतो. दुसरीने तो ज्यांचा विद्येशी संबंध नाही अशांच्या रांगेत उभा राहतो.

पण मग १८५७-५८ च्या सुमारास रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद चालून आले ते त्याने का नाकारले? ते तर बरोबरीच्यांनी आपण होऊनच देऊ केले होते. शिष्टमंडळ घरी आले होते. टिंडॉलनेही गळ घातली. मला अखेरपर्यंत साधा मायकेल फॅरेडेच राहिले पाहिजे, आणि हा मान घेतला तर माझ्या बुद्धीची शाबुती एक वर्षही टिकेल याची मी हमी देणार नाही, अशा आशयाचे त्याचे उत्तर टिंडॉलने नोंदविले आहे. याचा अर्थ टिंडॉलपुरता नम्रतेत संपतो. आमच्या मते येथे तीन कारणे एकत्र आली आहेत. डेव्हीला अध्यक्षाच्या आसनावर बसलेला त्याने जवळून पाहिला होता, हे एक. १८३९ नंतर त्याची स्मृती वारंवार दगा देऊ लागली होती आणि 'बुद्धीची शाबुती' हा शब्द त्याच्या दृष्टीने केवळ नैतिक नव्हता, हे दुसरे. तिसरे कारण पंथाचे. १८४४ च्या मार्चअखेर त्याच्या पंथाने त्याला बहिष्कृत केले आणि सुमारे पाच आठवड्यांनी परत घेतले. राणीच्या घरी रविवारी जेवावयास गेला म्हणून त्याला काढले, ही कथा बराच काळ खपली. जेफ्री कँटर याने १८९१ च्या नव्हे, १९९१ च्या आपल्या ग्रंथात, म्हणजे फॅरेडेच्या जन्मानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, पंथाच्या कागदपत्रांवरून दाखविले की ते प्रकरण मंडळीतल्या शिस्तीच्या वादाचे होते आणि त्यात आणखीही पुष्कळजण बाहेर गेले होते. मेजवानीची कथा गोड होती. खरी हकीकत रूक्ष आहे. पण तीवरून एवढे समजते की फॅरेडेला ज्या एका सभेच्या मताची खरी भीती होती ती शास्त्रज्ञांची नव्हती. ज्या मंडळीत सर्वानुमताशिवाय पान हालत नाही, आणि एकमत न होणारा बाहेर जातो, तेथे वाढलेल्या माणसाला बहुमताच्या गटातटांनी चालणाऱ्या संस्थेचे अध्यक्षपद कसे मानवावे?

कँटरचा हा ग्रंथ आणि त्याआधीचे १९६५ चे पिअर्स विल्यम्स याचे विस्तृत चरित्र, ही दोन्ही अभ्यासकांनी अवश्य पाहावीत. विल्यम्स विचारांचा इतिहास सांगतो, कँटर श्रद्धेचा. दोघांनाही आपापल्या किल्लीने सर्व दारे उघडतात असे वाटते. तरीही टिंडॉलने मिटलेले दार कँटरने उघडले, हे त्याचे श्रेय मोठे आहे.

आता वाङ्मयाच्या अभ्यासकांना अधिक जवळच्या गोष्टीकडे वळू. कोशांत फॅरेडेच्या नावापुढे 'पदार्थवैज्ञानिक व रसायनशास्त्रज्ञ' असे लिहिण्याचा प्रघात आहे. पदार्थवैज्ञानिकासाठी इंग्रजीत रूढ झालेला 'फिजिसिस्ट' हा शब्द केंब्रिजचा पंडित विल्यम ह्यूएल याने घडविला. १८४० साली फॅरेडेने त्याला कळविले की, एका शब्दात तीनदा तोच स्वर उच्चारावा लागणारा हा शब्द माझ्या जिभेला व कानाला इतका अवघड आहे की तो मी कधी वापरीन असे वाटत नाही. तो स्वतःला निसर्गाचा तत्त्वचिंतक म्हणवी. म्हणजे ज्या उपाधीने आपण त्याचे चरित्र सुरू करतो ती त्याने नाकारलेल्या उपाध्यांपैकी एक आहे! एकाही मराठी चरित्रात या नकाराची हकीकत आमच्या वाचनात आलेली नाही; 'सर' या पदवीची मात्र प्रत्येकात आहे.

याच ह्यूएलकडे १८३४ साली तो शब्दांची भिक्षा मागावयास गेला होता. द्रावणातून वीज जाते तेव्हा ज्या दोन ठिकाणी ती आत शिरते व बाहेर पडते त्यांना लोक 'ध्रुव' म्हणत. या शब्दात आकर्षणाची कल्पना गृहीत धरलेली होती, आणि ती फॅरेडेला मान्य नव्हती. विजेचा एक द्रव आहे की दोन, ती कोणत्या बाजूने वाहते, यांतले काहीच ठरलेले नसता नावाने ते ठरवून टाकू नये, असा त्याचा कटाक्ष. म्हणून त्याने पृथ्वीचाच आधार घेतला : प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे, सूर्याच्या मार्गाने जातो असे कल्पावे, आणि पूर्वेकडच्या व पश्चिमेकडच्या टोकांना त्यावरून नावे द्यावीत. ह्यूएलने ग्रीकमधून शब्द दिले : 'अ‍ॅनोड' म्हणजे वर चढण्याची वाट, 'कॅथोड' म्हणजे खाली उतरण्याची, आणि वाटेने जाणारे कण ते 'आयन'. मित्रांनी या शब्दांना नाके मुरडली. तेव्हा ह्यूएलच्या नावाची ढाल पुढे करताच विरोधाचा सूर कसा वितळला, याचे मिस्कील वर्णन फॅरेडेने त्याला लिहून पाठविले आहे. ज्याला स्वतःला पदव्यांचे वेड नव्हते त्याला दुसऱ्याच्या पदवीचा उपयोग बरोबर कळत होता.

मराठीत आपण या शब्दांचे काय केले? 'धनाग्र' आणि 'ऋणाग्र'. शब्द सुबक आहेत, पाठ्यपुस्तकांत रुळले आहेत, विद्यार्थ्यांच्या तोंडी बसले आहेत. पण फॅरेडेने जी कल्पना शब्दातून कटाक्षाने वगळली होती तीच, धन आणि ऋण, आपण परत आत घेतली. याचा परिणाम केवळ सौंदर्याचा नाही. वापरात असलेल्या विद्युत्‌घटाचे जे अग्र इंग्रजीत 'अ‍ॅनोड' ठरते ते ऋण असते. मराठी शिक्षकाला तेथे 'धनाग्र ऋण असते' असे वाक्य फळ्यावर लिहावे लागते, आणि मुले गोंधळतात ती विजेमुळे नव्हे, मराठीमुळे. 'उदयाग्र' व 'अस्ताग्र' असे काही शब्द कोणी योजिले असते तर फॅरेडेचा हेतू आणि भाषेची प्रकृती दोन्ही राखली गेली असती. 'आयन' या शब्दाच्या बाबतीत मात्र दैव अनुकूल झाले. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'जाणारा', आणि जाणे या अर्थाचा संस्कृत धातू त्याचा सगोत्र आहे. उत्तरायण-दक्षिणायनातले 'अयन' आपल्या ओळखीचे आहेच. परका शब्द घेताना आपण नकळत घरचाच घेतला.

परिभाषेचा हा प्रश्न आमच्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर मराठी सांभाळणाऱ्यांना नवा नाही. फॅरेडेच्या प्रवर्तनाच्या प्रयोगानंतर अवघ्या चार महिन्यांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' मुंबईत निघाले, आणि पाश्चात्त्य विद्या मराठीत आणण्याची खटपट सुरू झाली. बडोद्यास सयाजीरावांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन उभे राहिले व रसायनज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी देशी भाषांतून तांत्रिक शिक्षण देण्याचा ध्यास घेतला. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाने १९१८ पासून सर्व शास्त्रे उर्दूत शिकविण्यासाठी शब्दांची टांकसाळ चालविली. या सर्व उद्योगांत शब्द कसा घडवावा याची चर्चा झाली. शब्दाने काय ठरवू नये याची झाली नाही. ती चर्चा एका अर्धशिक्षित पुस्तकबांधणीवाल्याने ग्रीक येत नसताना केली.

गणितही त्याला येत नव्हते. त्याच्या संशोधनलेखांचे क्रमांकित परिच्छेद तीन हजारांच्या वर जातात, प्रयोगांच्या रोजनिशीतले सोळा हजारांवर. त्यांत समीकरण शोधून सापडावयाचे नाही. बलरेषांची त्याची कल्पना मॅक्सवेलने १८५५-५६ मध्ये गणितात घातली, तेव्हा १८५७ सालच्या एका पत्रात त्याने तरुण मॅक्सवेलला विचारले की, गणितज्ञांना आपले निष्कर्ष मिळाल्यावर ते साध्या भाषेतही तितकेच पूर्ण व निश्चितपणे सांगता येणार नाहीत काय, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यांवर प्रयोग करता येतील. सासष्टाव्या वर्षी, सर्व सनदा जवळ असताना, विशीतल्या माणसाला लिहिलेले हे पत्र आहे. त्याच्या बहुमानांच्या जंत्रीत ते कोठेच येत नाही. मराठीत फॅरेडेचे नवे चरित्र लिहू पाहणाऱ्याने पुष्कळ वाचावयाचे मनात आणू नये. बेन्स जोन्सचे दोन खंड घ्यावेत, १९९१ पासून सहा खंडांत प्रसिद्ध झालेला समग्र पत्रव्यवहार शेजारी ठेवावा, टिंडॉलचे शेवटचे प्रकरण एकदा वाचून मिटून टाकावे, आणि सन्मानांचे परिशिष्ट पुस्तकाच्या अखेरीस न देता स्प्रिंग राइसच्या त्या पत्रापासून, मध्यावर, सुरू करावे.